दुसऱ्या घोड्यावरचा स्वार

नाटक पाहून घरीं परतणाऱ्या मंडळींचें बोलणें एकदां लक्ष देऊन ऐकावें. नायक कसा शोभला, नायिकेचें गाणें कसें झालें, खलनायकानें टाळ्या कोठें घेतल्या, यांवर मनसोक्त चर्चा चालते. परंतु दुसऱ्या अंकांत पत्र घेऊन येणारा जो सेवक, किंवा नायकास ऐन वेळीं दोन शहाणपणाचे शब्द सुनावणारा जो मित्र, त्याचें काम करणाऱ्याचें नांव विचारणारा प्रेक्षक विरळा. आमच्या संस्कृत नाट्यशास्त्रकारांनीं मात्र या मंडळींची उपेक्षा केलेली नाहीं. दहाव्या शतकांत मुंज राजाच्या आश्रयास असलेल्या धनंजयानें 'दशरूपक' या ग्रंथांत नायकाचे प्रकार सांगून होतांच त्याच्या साहाय्यकाचें लक्षण दिलें आहे. मुख्य कथेच्या आधारानें दूरवर चालणारें जें उपकथानक, त्यास 'पताका' म्हणतात. आणि त्या पताकेचा जो नायक तो 'पीठमर्द'. तो चतुर असावा, मुख्य नायकाचा अनुचर व भक्त असावा, आणि गुणांनीं त्याच्याहून किंचित् उणा असावा, असा त्या लक्षणाचा आशय आहे. टीकाकारानें उदाहरणें दिलीं आहेत तीं 'मालतीमाधवां'तील मकरंदाचें व रामायणांतील सुग्रीवाचें.

'किंचित् उणा' या शब्दांपाशीं माझें मन पुष्कळ वर्षें अडून राहिलेलें आहे. हा जो उणा आहे, तो खरोखरच उणा असतो, कीं नायकाची उंची राखावी म्हणून त्यास तसें व्हावें लागतें? आणि जन्मभर किंचित् उणें राहण्याचें काम पत्करून मनुष्य मनाचें समाधान राखूं शकतो काय? या प्रश्नाचें मला पटलेलें उत्तर कोणत्याही शास्त्रग्रंथांत सांपडलें नाहीं. तें सांपडलें अमेरिकेंतील एका गुराख्याच्या चरित्रांत. त्याचें नांव बेन जॉन्सन.

ज्यांना 'वेस्टर्न' म्हणतात ते अमेरिकन चित्रपट पाहण्याचा नाद मला उतारवयांत लागला. घरांतील तरुण मंडळींनीं घरबसल्या जुने चित्रपट पाहण्याची सोय करून दिली, आणि मी एकामागून एक पाहत गेलों. कथानक बहुधा ठराविकच असतें: उजाड माळावरील एखादें गांव, धुळीचा एकुलता एक रस्ता, एक शेरीफ, जमिनीच्या लोभानें आंधळा झालेला एक धनाढ्य, आणि शेवटीं पिस्तुलांची झुंज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेच्या पश्चिम भागांत गोऱ्या लोकांची जी वसाहत वाढली, तिचें हें पुराण होय. पुराण म्हणण्याचें कारण असें कीं, यांत इतिहास थोडा व गौरव फार आहे. तेथील मूळच्या रहिवाशांच्या जमिनी ज्या रीतीनें गेल्या, तिचें खरें चित्र यांपैकीं बहुतेकांत सांपडत नाहीं. ही गोष्ट मनांत ठेवूनच हे चित्रपट पाहावे. मात्र एक वस्तु त्यांत खरी असते, आणि ती म्हणजे घोडा. घोड्यास सोंग घेतां येत नाहीं. त्याच्या पाठीवर बसलेला मनुष्य खरा स्वार आहे कीं केवळ पोषाखाचा, हें दोन क्षणांत उघड होतें.

माझी सारी नोकरी साहाय्यक शिक्षक म्हणून झाली. त्यामुळेंही असेल, माझी नजर पहिल्या घोड्यावरून दुसऱ्याकडे चटकन वळते. जॉन वेन या विख्यात नटाच्या मागें-पुढें वावरणारा एक उंच, रुंद खांद्यांचा, थोडें व सावकाश बोलणारा स्वार मला वारंवार दिसूं लागला. घोडा भरधांव असतांना त्याचें शरीर खोगिरावर असें स्थिर राही, कीं जणूं घोडा व स्वार मिळून एकच प्राणी आहे. मीं त्याचें नांव शोधून काढलें, आणि त्याच्यासंबंधीं जें मिळेल तें वाचीत गेलों.

बेन जॉन्सन याचा जन्म १३ जून १९१८ रोजीं ओक्लाहोमा राज्यांतील फोरेकर या गांवीं झाला. हा ओसेज लोकांचा प्रदेश. पुरुषभर गवताचीं मैलोगणती कुरणें ही त्याची ओळख. वडिलांचें नांवही बेन जॉन्सनच. ते चॅपमन-बर्नार्ड या विस्तीर्ण रँचवर, म्हणजे गुरांच्या कुरणावर, मुकादम होते. शिवाय 'रोडिओ'मधील नामांकित खेळाडू. रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या कसबाची जाहीर स्पर्धा होय. धांवत्या गुरास दोराचा फांस टाकून अडविणें, न शिकविलेल्या घोड्याच्या पाठीवर टिकून राहणें, अशीं जीं कामें रानांत पोटासाठीं करावीं लागतात, तींच तेथें प्रेक्षकांसमोर घड्याळ लावून करावयाचीं. पोरवयांतच बेनच्या हातीं दोर आला. आपल्याकडे भिक्षुकाच्या मुलास जशी संथा, तशी त्याला ही विद्या बापापाशीं मिळाली.

चित्रपटांत तो गेला तो नट म्हणून नव्हे. १९४० च्या सुमारास हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य निर्मात्यास 'दि आउटलॉ' या चित्रपटासाठीं घोडे हवे होते. त्यानें ओक्लाहोमांत घोडे खरेदी केले, आणि ते पोंचविण्याचें काम या तरुण गुराख्याकडे आलें. घोड्यांबरोबर तोही हॉलिवूडला पोंचला. पुढें तो थट्टेनें सांगत असे, कीं गांवीं मला रोज एक डॉलर मिळे आणि येथें पहिलाच चेक ३०० डॉलरांचा हातीं पडला. त्यानंतर मला काठीनें हांकललें असतें तरी मी परत गेलों नसतों! १९४१ सालीं त्यानें कॅरोल जोन्स हिच्याशीं विवाह केला. तिचे वडील 'फॅट' जोन्स हे चित्रपटांना घोडे पुरविणारे प्रसिद्ध व्यावसायिक होते. म्हणजे सासरही घोड्यांचेंच. हा संसार १९९४ मध्यें तिच्या मृत्यूपर्यंत, ५३ वर्षें टिकला. ज्या नगरींत विवाह ऋतुमानाप्रमाणें बदलतात असा लौकिक आहे, तेथें ही गोष्ट लहान नव्हे.

पहिलीं कांहीं वर्षें त्याचें काम घोडे सांभाळण्याचें व बदली स्वाराचें होतें. पडद्यावर नायक कड्यावरून उडी घेतो, घोड्यावरून कोसळतो, धांवत्या गाडीवर चढतो. प्रत्यक्षांत तें करणारा मनुष्य निराळा असतो. त्याची पाठ दिसते, तोंड दिसत नाहीं. हाड त्याचें मोडतें, टाळी नायकास मिळते. पीठमर्दाहूनही खालची ही पायरी. वेन, गॅरी कूपर, जेम्स स्टुअर्ट अशा मोठमोठ्या नटांच्या वतीनें जॉन्सननें असे धोके पत्करले.

त्याचें नशीब पालटलें तें जॉन फोर्ड या दिग्दर्शकाच्या 'फोर्ट अपाची' या चित्रपटाच्या वेळीं. हा चित्रपट १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. जॉन्सन त्यांत हेन्री फोंडाचा बदली स्वार होता. चित्रीकरण चालूं असतांना एका गाडीचे घोडे बिथरून उधळले. गाडींत तीन माणसें होतीं. जॉन्सन जवळच घोड्यावर होता. त्यानें घोडा पिटाळला, उधळलेली जोडी गांठली आणि थोपविली, माणसें वांचलीं. याचें बक्षीस मिळेल, असें फोर्ड म्हणाला. एखादें बदलीचें आणखी काम, फार तर दोन वाक्यांची भूमिका मिळेल, अशी या भल्या माणसाची अपेक्षा. कांहीं काळानें फोर्डनें बोलावून हातांत एक पाकीट दिलें. आंत सात वर्षांचा करार होता. जॉन्सन तो वाचूं लागला. पांचव्या ओळींत आठवड्यास ५,००० डॉलर हा आंकडा दिसतांच वाचन थांबवून त्यानें सही केली व कागद परत दिला. ही कथा तो स्वतःच मोठ्या चवीनें सांगे.

यानंतरचीं दोन-तीन वर्षें त्याच्या भाग्याचा मध्यान्ह होय. 'शी वोअर अ यलो रिबन' (१९४९) मध्यें तो वेनच्या हाताखालचा वाटाड्या सार्जंट टायरी झाला. 'मायटी जो यंग' (१९४९) व 'वॅगन मास्टर' (१९५०) यांत तर तो स्वतःच नायक होता. 'रिओ ग्रँड' (१९५०) मध्यें दोन घोडे शेजारीं शेजारीं पळत आहेत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकेक पाऊल ठेवून जॉन्सन ताठ उभा आहे, असें एक दृश्य आहे. तें पाहतांना माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या पोटांत गोळा उठला. तेथें बदली मनुष्य नव्हता; ज्याची पाठ दिसे त्याचेंच तोंड आतां दिसत होतें.

आणि याच चित्रपटाच्या वेळीं तो प्रसंग घडला, ज्यानें त्याच्या व्यवसायाची वाट बदलली. जॉन फोर्ड हा थोर कलावंत खरा, पण जिभेचा अत्यंत कठोर. आपल्या नटांचा चारचौघांत पाणउतारा करणें हा त्याचा परिपाठच होता. खुद्द वेनसुद्धां त्यांतून सुटत नसे आणि निमूटपणें सोसून घेई. एके रात्रीं जेवणाच्या मेजावर जॉन्सन शेजारच्या मित्राशीं त्या दिवशींच्या चित्रीकरणाविषयीं कांहीं सहज बोलला. दूर बसलेल्या फोर्डच्या कानीं तें अर्धवट गेलें, आणि त्यानें सर्वांदेखत त्याला मूर्ख म्हणून जाब विचारला. जॉन्सन उठला. तो आरडाओरडा करणारा नव्हता. तो फोर्डपाशीं गेला, हलक्या आवाजांत त्याला जें सांगावयाचें तें सांगितलें, आणि बाहेर निघून गेला. चित्रपटाचें राहिलेलें काम त्यानें चोख पार पाडलें. परंतु फोर्डच्या पुढच्या चित्रपटांत त्याला जागा मिळाली नाहीं. १९६४ च्या 'शायान ऑटम'पर्यंत, म्हणजे चौदा वर्षें, हा अबोला टिकला.

येथें व्यवहारी मनुष्य म्हणेल, कीं हा हट्ट महाग पडला. पडलाच. नायकाच्या भूमिका यानंतर त्याच्याकडे क्वचितच आल्या. 'शेन' (१९५३) मध्यें तो पुन्हां दुसऱ्या घोड्यावर दिसतो: खलपुरुषाच्या टोळींतील एक दांडगट, जो मद्यगृहांत नायकाची कुचेष्टा करतो, त्याच्या हातून मार खातो, आणि शेवटीं मनाला कांहीं तरी उमजून, रात्रीं एकटाच येऊन नायकास पुढच्या कपटाची सूचना देतो. भूमिका लहानच, पण माणसाचें मन पालटतें तें कसें, हें त्यानें फार थोड्या शब्दांत दाखविलें आहे.

१९५३ सालीं त्यानें आणखी एक गोष्ट केली, जी वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलों. चित्रपटांचें काम बाजूस ठेवून तो वर्षभर रोडिओंत उतरला. वडिलांच्या विद्येंत आपण कितपत आहोंत, हें त्याला पाहावयाचें होतें. त्याचा प्रकार दोघांनीं मिळून फांस टाकण्याचा. मोकळें सुटलेलें जनावर धांवतें. दोन स्वार त्याच्या दोन बाजूंनीं निघतात. एक शिंगांत फांस टाकून त्याला वळवितो, आणि दुसरा मागील दोन्ही पायांत फांस टाकून त्याला जखडतो. पहिल्यानें वळविलें नाहीं तर दुसऱ्यास पाय मिळत नाहींत. दुसरा चुकला तर पहिल्याचें कौशल्य फुकट. सारा खेळ कांहीं सेकंदांचा. या प्रकारांत तो त्या वर्षाचा जगज्जेता ठरला. वर्ष संपलें तेव्हां हातीं काय राहिलें, तर त्याच्याच सांगण्याप्रमाणें खिशांत तीन डॉलरसुद्धां नव्हते. एक खिळखिळी मोटार होती आणि एक रागावलेली बायको! तो मुकाट्यानें चित्रपटांकडे परतला. मात्र विजेत्यास मिळणारें कमरपट्ट्याचें बक्कल त्याच्यापाशीं राहिलें, आणि पुढें मिळालेल्या जगप्रसिद्ध पारितोषिकाहून त्या बक्कलाचें मोल आपल्याला अधिक वाटतें, असें तो सांगत असे.

माझ्या प्रश्नाचें उत्तर मला येथें सांपडलें. ज्याच्यापाशीं स्वतःची अशी एक विद्या आहे, आणि ती खरी असल्याबद्दल ज्याची स्वतःची खात्री पटलेली आहे, त्याला दुसऱ्या घोड्यावर बसण्यांत कमीपणा वाटत नाहीं. आपल्याहून चांगले नट येथें सगळेच आहेत, पण बेन जॉन्सनचें काम त्यांच्यापैकीं कोणालाही करतां येणार नाहीं, असें तो म्हणे. यांत विनय आहे आणि अभिमानही आहे. आणि दोहोंची जागा चुकलेली नाहीं.

पुढचीं पंधरा-सोळा वर्षें त्यानें दुय्यम भूमिकांत काढलीं. मार्लन ब्रँडोनें दिग्दर्शित केलेल्या 'वन-आइड जॅक्स' (१९६१) मध्यें तो दुष्ट सोबती आहे; सॅम पेकिनपाच्या 'मेजर डंडी' (१९६५) व 'दि वाइल्ड बंच' (१९६९) यांत सैनिक व दरोडेखोर; 'चिझम' (१९७०) मध्यें पुन्हां वेनचा कुरकुरणारा जुना साथीदार. नायक बदलत गेले, काळ बदलला, वेस्टर्न चित्रपटांचा बहर ओसरला. हा मनुष्य आपल्या खोगिरावर तसाच स्थिर होता.

१९७० सालीं पीटर बोग्दानोविच हा तरुण दिग्दर्शक 'दि लास्ट पिक्चर शो' हा चित्रपट करीत होता. लॅरी मॅकमर्ट्री याच्या कादंबरीवरून घेतलेली ही कथा १९५० च्या पुढच्या काळांतील टेक्सासमधील एका ओसाड होत चाललेल्या गांवाची आहे. घोड्यांचे दिवस संपले आहेत. गांवांत उरलें आहे तें एक चित्रपटगृह, एक उपाहारगृह आणि एक खेळघर. या तिहींचा वृद्ध मालक 'सॅम दि लायन' हाच त्या पोरक्या गांवांतील मुलांचा खरा वडील. दिग्दर्शकास ही भूमिका जॉन्सननेंच करावयास हवी होती. जॉन्सननें नकार दिला. कारणें दोन: बोलणें फार, आणि त्यांत शिवराळ शब्द. असले शब्द मी पडद्यावर उच्चारणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. तेव्हां दिग्दर्शकानें मध्यस्थ म्हणून गांठलें तें कोणाला, तर वृद्ध जॉन फोर्डला. आणि ज्यानें चौदा वर्षें त्याला दूर ठेवलें होतें त्याच फोर्डनें त्याला गळ घातली. जन्मभर वेनचा साथीदारच राहणार आहेस काय, असें फोर्डनें विचारल्याचें सांगतात. जॉन्सन अखेर कबूल झाला, पण एका अटीवर: आपल्या तोंडचीं वाक्यें आपण शिव्या गाळून पुन्हां लिहून घेऊं. अट मान्य झाली.

या प्रसंगापाशीं आलों कीं मला आमच्या नानाकाकांची आठवण होते. माझे वडील वकील. तालुक्याच्या गांवीं त्यांचा मोठा दबदबा. नानाकाका त्यांचे धाकटे बंधु, अविवाहित. सोळा-सतरा माणसांच्या घराचें धान्य, मुलांच्या मुंजी, आजाऱ्यांचीं जागरणें, पाहुण्यांची सरबराई हें सारें त्यांच्या अंगावर असे, आणि लग्नपत्रिकेंत त्यांचें नांव अगदीं खालीं छापलें जाई. परंतु नानाकाकांना घड्याळें दुरुस्त करण्याची विद्या अवगत होती. ओसरीच्या कोपऱ्यांतील त्यांच्या लहानशा मेजावर आसपासच्या गांवांतील बंद पडलेलीं घड्याळें येऊन पडत. डोळ्यास भिंग लावून ते बसले म्हणजे वडिलांचे पक्षकारसुद्धां त्यांच्याशीं अदबीनें बोलत. भाऊबंदकीच्या एका दाव्यांत वडिलांनीं त्यांना साक्ष देण्यास सांगितलें. त्या साक्षींतील एक गोष्ट घडलेली नव्हती. नानाकाका म्हणाले, "दादा, तुम्ही सांगाल तें काम आजवर केलें, पुढेंही करीन. पण जें मीं पाहिलें नाहीं, तें पाहिलें असें माझ्या तोंडून निघणार नाहीं." वडील सहा महिने त्यांच्याशीं बोलले नाहींत. त्या सहा महिन्यांत गुरांची वैरण एक दिवस चुकली नाहीं, कीं वडिलांच्या स्नानाचें पाणी एक दिवस निवलें नाहीं. पुढें वडील अंथरुणास खिळले, तेव्हां दोन वर्षें त्यांना उठविणारे-बसविणारे हात नानाकाकांचेच होते. समाचारास येणाऱ्या प्रत्येकाला वडील सांगत, "इतके दावे चालविले, पण खरा साक्षीदार मीं एकच पाहिला, तो आमचा नाना."

एकत्र कुटुंब चालतें तें अशा माणसांच्या जिवावर. कोठें तो धाकटा दीर असतो, कोठें माघारीं आलेली आत्या, कोठें न शिकलेला थोरला भाऊ. कुटुंब त्यांच्याकडून काम घेतें तें योग्यच आहे. परंतु कामाबरोबर त्यांची जीभसुद्धां आपल्याच मालकीची आहे, असें जेव्हां कर्ते समजूं लागतात, तेव्हां घराचा तोल जातो. नानाकाकांचें घड्याळांचें मेज आणि जॉन्सनचा दोर या दोन वस्तु मला एकाच जातीच्या वाटतात. त्या नसत्या तर दोघांनाही 'नाहीं' म्हणणें इतकें सोपें गेलें नसतें.

'दि लास्ट पिक्चर शो'मध्यें जॉन्सन पडद्यावर दिसतो तो सारा मिळून दहा मिनिटांच्या आसपास. एका तळ्याच्या कांठीं मासे धरीत बसला असतां तो मुलांना वीस वर्षांपूर्वीची आठवण सांगतो: याच तळ्यावर आपण एका तरुणीला घेऊन आलों होतों, ती कशी धीट होती, आणि तें सारें कसें निघून गेलें. पुढें चित्रपटाच्या मध्यावरच सॅमचा मृत्यु होतो, आणि तोही पडद्याआड. आपणांस केवळ वार्ता कळते. तरी उरलेला सारा वेळ त्याची उणीव भासत राहते. अखेरीस चित्रपटगृह बंद पडतें, तेव्हां तेथें दाखविला जाणारा शेवटचा खेळ 'रेड रिव्हर' (१९४८) या वेस्टर्नचा आहे. नायक नसलेला मनुष्य कथेंतून निघून गेला असतां कथा पोरकी होते. पीठमर्दाचें याहून मोठें प्रमाण तें काय द्यावें?

१० एप्रिल १९७२ रोजीं त्याला सहाय्यक अभिनेत्याचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. स्पर्धेंत त्याच चित्रपटांतील तरुण जेफ ब्रिजेससुद्धां होता. जॉन्सनचें वय तेव्हां ५३. व्यासपीठावर तो हंसत म्हणाला, कीं हें बक्षीस याहून चांगल्या माणसाला मिळालेंच नसतें! सारें सभागृह हंसलें, आणि कोणासही तें बढाईचें वाटलें नाहीं. रोडिओचें जागतिक अजिंक्यपद व ऑस्कर हीं दोन्ही मिळविणारा दुसरा कोणी झालेला नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, १९७३ मध्यें, रोडिओच्या सन्मानमंडळांत त्याचें नांव घेतलें गेलें. यानंतरही त्यानें भूमिका केल्या त्या बहुधा दुय्यमच. आणि लहान मुलांच्या मदतीसाठीं रोडिओचे खेळ भरविण्याचा त्यानें परिपाठ ठेवला.

८ एप्रिल १९९६ रोजीं ॲरिझोनांतील मेसा या गांवीं त्याचा हृदयविकारानें मृत्यु झाला. वय ७७. तेथें तो आपल्या ९६ वर्षांच्या आईला भेटावयास गेला होता. त्याचा देह ओसेज प्रदेशांतील पॉहस्का या गांवीं नेण्यांत आला, आणि जेथून तो घोडे घेऊन निघाला होता त्याच मुलखांत त्याला मूठमाती मिळाली. त्याच्या वडिलांनीं सांभाळलेल्या त्या कुरणाचा मोठा भाग आज उंच गवताचें रान म्हणून राखून ठेवला आहे.

धनंजयाचें लक्षण मला अजूनही मान्य आहे. पीठमर्द नायकाहून किंचित् उणा असतो, तो नाटकाच्या गणितांत. त्या गणिताबाहेर त्याच्या हातांत कोणता दोर आहे, हें शास्त्रकारानें सांगितलेलें नाहीं. तें आपण पाहावयाचें असतें. पुढच्या वेळीं मुलाबाळांसह एखादा जुना वेस्टर्न पाहण्याचा योग आला, तर वाचकांनीं क्षणभर नायकावरची दृष्टि काढून त्याच्या मागच्या घोड्याकडे पाहावें. आणि खेळ संपल्यावर, आपल्या घरांतील ज्या माणसाचें नांव पत्रिकेंत सर्वांत खालीं छापलें जातें, त्याच्यापाशीं जाऊन थोडा वेळ बसावें, आणि त्याच्या मेजावर कोणतीं घड्याळें पडलीं आहेत तें विचारावें.